कार्ड तापलं तो उन्हाळा

परवा सकाळी कौन्सिलचा ईमेल आला. उष्णतेचा पिवळा इशारा. भरपूर पाणी प्या, दुपारी पडदे ओढून ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करा. खाली अंदाज दिला होता, एकतीस अंश. चहाचा कप हातात धरून मी एकटीच हसले. आमच्या नागपुरात मे महिन्यात पहाटे साडेपाचला एकतीस असतं आणि माणसं म्हणतात, आज जरा बरं आहे.

हे हसू मात्र दुपारपर्यंतच टिकतं. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीतली आमची ही विटांची घरं थंडीला घाबरून बांधलेली आहेत. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, माळ्यावर लोकरीसारखे जाड थर, आणि खिडकी उघडते ती जेमतेम हात जाईल एवढी. आत शिरलेलं ऊन पाहुण्यासारखं ठाण मांडून बसतं. चार वाजता जिना चढून वर गेलं की छपराची धग टाळूला लागते. परवाही लागली. मी वरच्या छोट्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. सगळ्या घरात तीच एक खोली जरा सुसह्य होती. तिथं आता तापणारं काही उरलेलं नाही.

ही माझ्या लेकीची, यशोधराची खोली. घरात ती यशो, तिच्या इंग्रज मैत्रिणींची यॅश. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये या खोलीत एक ग्राफिक्स कार्ड तापलं होतं आणि त्याच्या आगेमागे आम्ही दोघी मायलेकीही. तेव्हापासून ऊन वाढलं की मला आंबे आठवत नाहीत, पन्हं आठवत नाही. एक आकडा आठवतो. एकशे दहा.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. आता कुणी विचारलं तर तासभर बोलेन. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे चित्र हलतं, ते रंगवण्याचं काम करणारा हा भाग. नाव कार्ड, पण आकार विटेएवढा आणि वजनही तसंच. आत तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची चळत, वर दोन किंवा तीन पंखे. तो एवढा मोठा का, असं मी यशोला विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, खरा कार्ड छोटाच आहे. बाकी सगळं त्याला थंड ठेवायला." नखाएवढी बुद्धी आणि तिचा ताप सांभाळायला एवढा मोठा संसार. मला ते यंत्र तिथेच आवडलं.

पण आवडायच्या आधी मी त्याच्यावर खूप चिडले होते.

यशो तेव्हा अठरा वर्षांची, ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, परीक्षा तोंडावर. तिला ॲनिमेशन शिकायचं होतं आणि तेही स्कॉटलंडला, घरापासून ट्रेननं सहा तासांवर. तिथल्या युनिव्हर्सिटीची मुलाखत फेब्रुवारीत झाली होती आणि काही फार चांगली झाली नव्हती. तरी त्यांनी दार पुरतं लावलं नाही. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दोन मिनिटांची, पूर्ण झालेली फिल्म पाठव, मग ठरवू, असं कळवलं. तिच्या जुन्या लॅपटॉपवर ती फिल्म होणं शक्यच नव्हतं. म्हणून तिनं स्वतः कॉम्प्युटर जुळवायला घेतला. मैत्रिणींनी टाकून दिलेले भाग, शनिवारच्या बेकरीतल्या कामाच्या पैशांतून घेतलेले भाग, असं करत करत एक काळी पेटी तिच्या टेबलाखाली उभी राहिली. त्यात एक जागा रिकामी होती. कार्डाची.

तिनं फार्मसी करावी असं मला वाटत होतं. इथेच, बसनं जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशा युनिव्हर्सिटीत. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत टेक्निशियन आहे. औषधांची कपाटं, औषधांचे फ्रिज, रोजच्या नोंदी हे माझं जग. त्यात कुणी उपाशी राहत नाही आणि कुणी तुम्हाला हसतही नाही. माझे बाबा आमच्या वस्तीतले पहिले मास्तर. कंदिलाच्या उजेडात शिकलेला माणूस. आमच्या घरात शिक्षण हा हौसेचा विषय कधीच नव्हता. ते अंगावरच्या कपड्यासारखं होतं, नसेल तर लाज झाकणार कशानं? म्हणून एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी यशोला म्हणाले, "चित्रं हलवायला डिग्री कशाला लागते? तुझ्या आजोबांना काय सांगू मी, नात व्हिडिओ गेम शिकायला गेली म्हणून?"

भांडण झालं की माझी मुलगी इंग्रजीत जाते. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही, नुसती भाषा बदलते. "डिनर इज फाइन, थँक यू." त्या वेळी ती तीन आठवडे इंग्रजीत राहिली. माझा नवरा मिलिंद कामासाठी सोमवार ते शुक्रवार मेडनहेडला असतो, तिथं त्यानं एक खोली घेतली आहे. फोनवर तो म्हणायचा, "तू उगाच ताणून राहिली. करू दे ना तिला." दुरून सगळेच शहाणे असतात. घरात ते सभ्य इंग्रजी ऐकत जेवायला मी होते.

आणि मग मे महिन्यातल्या एका बुधवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, ती परीक्षेहून आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "आई, मला लेस्टरला नेशील? एक कार्ड बघायचाय." मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवून मी सरळ गाडीची किल्ली घेतली. कार्ड कसलं, काय, मी विचारलंही नाही. मला मराठी परत मिळालं होतं.

गाडीत तिनं मला सगळं समजावलं. कार्ड निवडणं हे साडी निवडण्याइतकंच अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. नवीन आवाक्याबाहेर, म्हणून वापरलेलं. पण वापरलेलं कुणी आणि कशासाठी? त्याची स्मृती किती? पेटीत मावेल का, की दोन बोटं लांब ठरेल? पेटीतल्या वीज पुरवणाऱ्या भागाला झेपेल का? दोन पंख्यांचं घ्यावं की तीन? फार वेगवान घेतलं तर आपल्या छोट्या खोलीत ते तापणार, फार साधं घेतलं तर फिल्म ऑगस्टमध्ये पूर्ण होणार. तिनं महिनाभर एका वहीत रकाने आखले होते. मी सिग्नलला थांबल्यावर ती वही पाहिली. अक्षर थेट माझ्या बाबांचं.

कार्ड विकणाऱ्या बाई गुजराती निघाल्या. साठीच्या पुढच्या, केसांना मेंदी, पायात लोकरीच्या चपला. इलाबेन. मला वाटलं, मुलाचं कार्ड असेल. तर त्या स्वतःच खेळणाऱ्या. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुरू केलं," त्या हिंदी-गुजराती मिसळत म्हणाल्या, "आता गुडघा बरा आहे, पण राज्य सोडवत नाही." आतल्या खोलीत त्यांचं ते राज्य पडद्यावर दिसत होतं, किल्ले, घोडे, गव्हाची शेतं. त्यांनी मोठं कार्ड घेतलं होतं, म्हणून हे जुनं विकायचं होतं. चहा दिला, गाठिया दिल्या. यशोनं कार्ड त्यांच्या मशीनमध्ये चालवून पाहिलं. मी काय करणार? मी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"आई!" यशो लाजेनं अर्धी झाली.

"वायर जळलेली असेल तर वास राहतो," मी म्हणाले. नागपुरात कूलरची मोटर आम्ही अशीच पारखायचो.

इलाबेन मात्र खूश झाल्या. "बरोबर आहे मम्मीचं. जळलेलं नाही. पण बेटा, आतले पॅड सुकलेत. ते तेवढे बदलून घे. नाहीतर तापेल."

पॅड म्हणजे काय, तेही सांगते. कार्डाच्या आतले छोटे काळे चौकोन तापतात आणि त्यांची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवायला मध्ये मऊ रबरासारख्या चकत्या ठेवतात. त्या सुकल्या की उष्णता मधेच अडकते. यशोनं नवे पॅड मागवले. जूनमधल्या एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून आम्ही कार्ड उघडलं. स्क्रू तिनं काढले. पॅड कापायचं काम माझ्याकडे आलं, कारण वीस वर्षं गोळ्यांचे अर्धे अन् पाव तुकडे करणारे माझे हात हलत नाहीत. मिलीमीटरची पट्टी, बारीक कात्री. प्रत्येक तुकड्यावरचं प्लास्टिक सोलून मी ते चौकोन एकेक करून बसवले. यशो माझ्याकडे बघत होती. "किती नीट करतेस तू," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्या एखाद्या कामाचं कौतुक केलं होतं. मी वर बघितलं नाही, हात हलला असता.

त्या आठवड्यात ऊन सुरू झालं.

यशोची परीक्षा संपली आणि ती दिवसभर त्या पेटीसमोर बसू लागली. काय करते आहे ते मला दाखवत नव्हती, मी गेले की पडदा बदलायची. फिल्मची चित्रं रचून झाली होती, आता कार्डानं ती एकेक करून रंगवायची होती. रंगवताना कार्ड तापायचं, वीस-पंचवीस मिनिटांत पडदा काळा व्हायचा आणि पंखे विमान उडाल्यासारखे किंचाळायचे. कार्डाच्या दोन ठिकाणचं तापमान तिला पडद्यावर दिसायचं. एक त्याच्या मेंदूचं, एक स्मृतीचं. पहिलं चौऱ्याऐंशी, दुसरं एकशे दहा.

आता तापमान हा माझा प्रांत. हॉस्पिटलमधल्या औषधांच्या फ्रिजचं तापमान आम्ही दिवसातून दोनदा लिहितो, कमीत कमी, जास्तीत जास्त, वेळ आणि सही. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं की सगळं काम थांबतं. मी एक वही उघडली, रकाने आखले आणि कार्डाची नोंद ठेवायला लागले. यशो पहिल्यांदा हसली. मग दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दुपारची नोंद तिनं केली होती आणि पुढे स्वतःची सहीही.

मी खोलीत उभी राहून नीट पाहिलं. काळी पेटी टेबलाखाली, पाठ भिंतीला चिकटलेली, एका बाजूला कपाट. आणि मला एकदम आमचा नागपूरचा कूलर दिसला. पत्र्याचा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला. एप्रिल लागला की बाबा टाकी खरवडून धुवायचे आणि तीन बाजूंना नवी खस, म्हणजे वाळ्याची मुळं, भरायचे. पंप सुरू केला की पाणी वर चढून त्या खसमधून थेंबाथेंबानं उतरायचं आणि घरभर ओल्या मुळांचा वास पसरायचा. नवतपाच्या, मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत बाहेर पत्रे तडतडत असायचे आणि आत आम्ही चार भावंडं त्या झोतासमोर ओळीनं पडलेलो. समोरची खिडकी कुणी बंद केली की बाबा ओरडायचे, "अरे, आलेल्या हवेला जायला वाट ठेवा! नाहीतर नुसता दमटपणा." कूलरचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे.

"पेटी बाहेर ओढ," मी यशोला म्हणाले. "तू कूलर लावलाय आणि खिडकी बंद ठेवलीय."

आम्ही ती पेटी खोलीच्या मधोमध आणली. मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एकच पंखा होता, यशोनं वर आणखी एक चढवला. दार उघडं, खिडकीची ती हात जाईल एवढी फट उघडी. तासाभरानं चौऱ्याऐंशीचे चौऱ्याहत्तर झाले. यशोनं मला मिठी मारली, घामेजलेली. मी तिच्या आजोबांचं ते वाक्य तिला परत परत म्हणून दाखवलं. पण दुसरा आकडा तसाच राहिला. एकशे आठ, एकशे नऊ, एकशे दहा, आणि पडदा काळा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. गुरुवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन आले. फिल्मचा शेवटचा भाग अजून रंगवायचा होता, तो सर्वांत जड. त्या दिवशी तिसऱ्यांदा पडदा काळा झाला तेव्हा चार वाजले होते आणि खोलीत पाय ठेववत नव्हता. यशो खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, आणि मला तेच बघवेना.

"माझा चुकला, आई," ती म्हणाली. "एवढी वही भरली आणि मी चुकीचा कार्ड घेतला. तू म्हणालीस ते बरोबर होतं. मला नाही जमत हे."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि खाली आले. उद्याचं ऊन किती ते बघावं म्हणून टीव्हीचा रिमोट उचलला. बटण दाबलं, काही झालं नाही. पुन्हा जोरात दाबलं. आमच्या रिमोटला नेहमी दोनदा दाबावं लागतं, कारण तो प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तो घरात आला त्या दिवसापासून आहे.

आमच्याकडे नवीन वस्तूचं प्लास्टिक कुणी काढत नाही. आईच्या घरी फ्रिजच्या दारावरचा पातळ पापुद्रा पिवळा पडून आपोआप गळेपर्यंत तसाच होता. भावाच्या स्कूटरची सीट दोन उन्हाळे पारदर्शक आवरणात. सोफा, गाडीतल्या गाद्या, भिंतीवरचं घड्याळ. लहानपणी यशो नव्या वस्तूचं प्लास्टिक सोलायला धावायची आणि मी तिच्या हातावर चापट मारायची. यात कंजूषपणा नाही. ज्या घरात वस्तू आयुष्यात एकदाच येते, तिथं तिचं नवेपण जपावं लागतं. लागेल तेवढंच उघडायचं, बाकीचं झाकून ठेवायचं. हात आपोआप तसं करतो, डोक्याला विचारत नाही.

रिमोट हातात धरून मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. पॅडला दोन्ही बाजूंना प्लास्टिक होतं. चिकटवायच्या बाजूचं मी काढलं. वरच्या बाजूचं, इतकं पातळ आणि इतकं स्वच्छ, माझ्या हातांनी तसंच ठेवलं. बारा चौकोन, बाराही ठिकाणी. कार्ड उत्तम होतं. यशोची निवड चोख होती. ते घुसमटत होतं माझ्यामुळे.

आणि आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही. मी लगेच उठले नाही. वर ती हरून बसली होती आणि खाली मला एक दार उघडं दिसत होतं. काहीच बोलायचं नाही. उद्या बारा वाजतील, निघून जातील. ती आठवडाभर रडेल, मग मी शिरा करीन, मग ती इथलाच फॉर्म भरेल. सप्टेंबरमध्ये सकाळी बसला जाईल, संध्याकाळी परत येईल, चपला दारातच टाकेल, मी ओरडेन. मला ओरडायला कुणीतरी असेल. कुणाला कधी कळणारही नव्हतं. सगळ्यांनी म्हटलं असतं, जुनं कार्ड, दुसरं काय होणार? त्या पायरीवर बसून मला हे सगळं हवंसं वाटलं. लाज वाटली, तरीही हवंसं वाटलं.

मग वरून काहीतरी आवाज आला. यशो वहीत काही लिहीत असावी, पेनाचं टोपण पडलं असेल. तापमान, वेळ, सही. हरलेली असूनही ती चारची नोंद करत होती. मी उठले.

"यशो, कार्डात काही खोट नाही," मी दारातूनच म्हणाले. "पॅडवरचं एका बाजूचं प्लास्टिक मी काढलंच नाही. आत्ताच लक्षात आलं माझ्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिची नजर माझ्या हातातल्या रिमोटवर गेली, त्या मळकट पिशवीवर. आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग तिला थांबताच येईना. "ओ माय गॉड, आई. यू डिड नॉट."

पुन्हा पांढरा टॉवेल, पुन्हा स्क्रू. कार्ड उघडलं तर ते बारा पापुद्रे तिथेच, उष्णतेनं सुरकुतलेले. चिमट्यानं एकेक सोलून तिनं माझ्या तळहातावर ठेवला. सहा वाजता पेटी पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. सत्तर, शहात्तर, ब्याऐंशी, शहाऐंशी. आणि तिथं तो थांबला. दहा मिनिटं, वीस, चाळीस. पडदा काळा झाला नाही. मी वहीत लिहिलं, शहाऐंशी, वेळ, सही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला शेवटचं चित्र रंगवून झालं. पाठवायच्या आधी तिनं मला खुर्चीत बसवलं. "आता बघ," म्हणाली.

पडद्यावर आमचं नागपूरचं घर होतं. ते जसं आहे तसं नव्हतं, माझ्या बोलण्यात जसं होतं तसं होतं. यशो तिथं नेहमी नाताळच्या सुट्टीत गेलेली, तिनं तिथला मे कधी पाहिलेलाच नाही. कूलर तिनं फक्त झाकलेला पाहिला होता. पण फिल्ममध्ये पत्रे तडतडत होते, चार मुलं ओळीनं पडली होती, आणि चौकटीत खस ओली होत होती. पाण्याचा एक थेंब मुळामुळांतून वाट काढत खाली यायचा, थांबायचा, दुसऱ्याला भेटायचा आणि पडायचा. शेवटचं दीड मिनिट नुसते ते थेंब. म्हणजे इतकी वर्षं मी भाजी चिरताना, गाडी चालवताना, तिच्या केसांना तेल लावताना जी बडबड करत होते, ती या मुलीनं ऐकली होती. कानात इअरफोनचे ते दोन पांढरे बोळे घालून बसलेली असतानाही ऐकली होती.

"थेंबच सगळ्यात हेवी होते," ती म्हणाली. "पाणी असं करायला कार्डाला खूप काम पडतं. म्हणून तापत होता."

 ज्या गारव्यात मी लहानाची मोठी झाले, तो रंगवायला ते बिचारं यंत्र एकशे दहा अंशांत भाजत होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं फिल्म पाठवली.

जागा मिळाली. सप्टेंबरमध्ये काळी पेटी दोन रजयांत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, तिला सीटबेल्टही लावला. मिलिंद गाडी चालवत होता आणि मी तीनशे मैल मागे वळून वळून पेटीकडे बघत होते, यशोकडे बघायचं धाडस नव्हतं. परत आल्यावर तो हिवाळा त्या खोलीत फार थंड गेला. कार्ड तिथं चालू असताना घरातली सर्वांत उबदार जागा ती होती, हे आधी लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस आम्ही त्या खोलीतली उष्णता बाहेर काढायच्या मागे होतो. ती गेली आणि मी रेडिएटर वाढवत बसले. वही अजून खिडकीत आहे. मधूनच मी खोलीचं तापमान लिहिते. वेळ, सही. कामाची सवय, दुसरं काय.

तर परवाच्या त्या पिवळ्या इशाऱ्याच्या संध्याकाळी यशोचा फोन आला. तिकडेही ऊन आहे म्हणे, चोवीस अंश, सगळे हैराण. आणि कार्ड पुन्हा तापायला लागलंय. "तीन वर्षं झाली ना, पॅड सुकले. आई, शनिवारी येशील? तुझे हात पाहिजेत." मागे पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

"येते की," मी म्हणाले. "कात्री आणते माझी."

"आणि या वेळी दोन्ही बाजूंचा प्लास्टिक काढशील ना?" ती हसली.

मीही हसले. हे चिडवणं आमच्या घरात आता जुनं झालंय, मिलिंद पाहुण्यांना रंगवून सांगतो. पण त्या दिवशी मी नुकतीच तिच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून आले होते. 

"यशो," मी म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. त्या गुरुवारी मला वाटलं होतं, तुझी फिल्म होऊच नये. तू इथेच राहावंस. मी तुला प्लास्टिकचं सांगणारच नव्हते."

 मला वाटलं, आता ती इंग्रजीत जाईल.

"मला माहितेय, आई," ती मराठीत म्हणाली. "मी पाणी प्यायला खाली येत होते. तू जिन्यात बसली होतीस, रिमोट हातात घेऊन. मी आवाज न करता परत वर गेले. पंधरा मिनिटं वाट बघितली मी तुझी. मग तू येऊन म्हणालीस, आत्ताच लक्षात आलं. तुझ्या हातात तो रिमोट बघितला आणि कळलं, इतका वेळ तू काय विचार करत होतीस."

"आणि तू काही बोलली नाहीस? तीन वर्षं?"

"काय बोलायचं?" ती म्हणाली. "तू वर आलीस ना."